चौथा रकाना

लॅपटॉपचा पडदा गेला सोमवारी.
पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता,
आत सगळं जागं, फक्त तोंड काळं.
कुरखेड्याच्या रस्त्यानं तीन वर्षं
पाठीवर बांधून नेला त्याला.
सगळ्या खड्ड्यांचा हिशेब त्यानं एकदम दिला.

कंपाउंडर म्हणाले, टीव्हीला जोडून बघा.
जोडला.
ओपीडीसमोरचा तो टीव्ही, ज्यावर दिवसभर
हात धुवायची जाहिरात चालते,
त्यावर यादी उघडली.
नाव. गाव. वय. आणि चौथा रकाना,
प्रत्येकापुढे दोनच अक्षरं : एएस, नाहीतर एसएस.
बाकावर सतरा माणसं.
तिसऱ्या ओळीतली बाई त्यांतच होती, तोंडात खर्रा.
तिला वाचता येत नाही.
शेजारी बसलेल्या तिच्या होणाऱ्या व्याह्याला येतं.
वायर मी अशी ओढली
की टीव्हीच भिंतीवरून लोंबला.

सिकलसेल हा शब्द आमच्याकडे हळू म्हणतात.
खरं तर म्हणतच नाहीत. 'ते' म्हणतात.
तिच्या घरी ते हाय.
एवढ्यावर सोयरीक मोडते,
लग्नाचे तांदूळ निवडून झाले असले तरी.

वडशाचं दुकान. मांडणीवर आठ लॅपटॉप आडवे,
प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर पासवर्ड :
कुणाच्या पोरीचं नाव आणि जन्मसाल,
कुणाचा गाडीनंबर,
कुणाचं नुसतंच एक-दोन-तीन-चार.
आठ घरांच्या किल्ल्या, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर.

"पासवर्ड सांगा जी म्याडम."
"पडदा बदलाले पासवर्ड काहून लागते?"
"चालू करून पाहा लागते न."
"डिस्क काढून दे मले. पडद्यावर उजेड दिसला का झालं."
लोमेश हसला. "आमच्यावर भरोसा नाही का?
का फोटो-गिटो हायत तुमचे?"
गल्ल्यावरचा मालकही हसला.

भरोसा होता की.
पोरगा चांगला आहे, म्हाताऱ्यांच्या मोबाईलचे
पैसे घेत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
पण माझा भरोसा माझ्यापुरता.
यादीत तीनशे बेचाळीस जण आहेत,
त्यांनी बोट पुढे केलं ते माझ्यापुढे,
या काउंटरपुढे नाही.
हे बोलले नाही मी. नुसती उभी राहिले,
पर्स दोन्ही हातांनी धरून.

मालक चहा सांगायला बाहेर गेला.
लोमेशनं स्क्रू काढायला घेतले. पाच. सहा.
मग वर न पाहता :
"तुमी आमच्या शाळेत आल्या होत्या न.
मी नववीत होतो. बोटाले सुई टोचली होती.
थे बी याच्यातच हाय का?"

मी हो म्हटलं नाही.
नाही म्हटलं नाही.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, होत नव्हता.

डिस्क निघाली, बिस्किटाच्या पुड्याहून पातळ.
त्यानं ती चंदेरी पिशवीत घातली,
पिशवीचं तोंड दुमडलं, परत दुमडलं,
आणि माझ्या हातात अशी दिली
जशी मी रक्ताची कुपी देते लॅबवाल्याला.

एसटीत ती डब्याच्या खालच्या खणात होती,
वर वांग्याची भाजी.

नऊ दिवसांनी लॅपटॉप आला.
मांडणीवरच्या पट्ट्या तशाच होत्या,
एक तेवढी उलटी चिकटवलेली.
केंद्राचं दार लावून डिस्क मीच बसवली.
एक स्क्रू उरला, तो अजून टेबलाच्या खणात आहे.
ओळी मोजल्या. तीनशे बेचाळीस.
मग फाइलला कुलूप घातलं,
जे तीन वर्षांपूर्वीच घालायला हवं होतं.

एक आडनाव शोधायचा मोह झाला.
बोट कळांवर गेलंही होतं.
मग लॅपटॉप मिटला आणि खिचडीचा कुकर लावला.

आणि एक सांगायचं राहिलं :
त्याचं नाव लोमेश नाही.
दुकानही वडशाला नाही.