मूळ गाव

अकरावीच्या अर्जात नववा रकाना होता, मूळ गाव.
मी बोंडगाव लिहिलं आणि पेन पुढं सरकला.
देचेननं लिहिलं, गोठणगाव.
बाबूंनी खिडकीतून मान बाहेर काढली,
"तसं नाही बाई. मूळचं. मूळचं कोणतं?"
"गोठनगावच जी. पाळीवरून उजवीकडं, कॅम्पात."
बाबू हसले, मागच्या बाबूला म्हणाले,
"मराठी पाहा किती छान बोलते!"

माझ्या मराठीला अजून कोणी छान म्हटलेलं नाही.
नागपूरच्या प्रदर्शनात मी नुसतं "काहून" म्हटलं,
तर दोन पोरींनी रुमाल तोंडाला लावले.
त्यातलीच एक मग देचेनकडं वळली,
"तू मणिपूरची का गं?"
आमच्या मधे बांधीचं मॉडेल,
थर्माकोलच्या धुऱ्यावर आमच्या शेतातली खरी माती.
परीक्षक आले, मातीला बोट लावून पाहिलं,
आणि बोट पुसायला कागद मागितला.

तिची आई हिवाळ्यात अकोल्याला असते,
फुटपाथवर दोरी बांधून स्वेटर विकते.
गिऱ्हाईक म्हणते, ओ नेपाली, कम करो.
ती कम करते.
नेपाळ तिनं पाहिलेलं नाही, तिबेटही नाही.
एका दिवाळीनंतर आम्ही कॅम्पात स्वेटर घ्यायला गेलो.
माझ्या आईनं गुलाबी बाजूला सारला,
"काळ्या अंगावर उठत नाही हो."
देचेनच्या आईनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही.
टेपानं खांदे मोजले,
बत्तीस, म्हणाली, आणि गुलाबीच हाती दिला.
आई घरी येईपर्यंत बोलली नाही.
मी तो दोन हिवाळे घातला,
कोपरं विरेपर्यंत.

आजा सांगतो, आपणही इथले नव्हतोच.
कोण्या राजानं काशीकडून आणलं म्हणतात,
तलाव खोदायला.
खोदले, पाळी बांधल्या, धान पेरलं,
आणि इतकी पिढ्यानपिढ्या माती अंगाला लागली
की आता आम्हाला मूळचं कोणी विचारत नाही.
मी हे वर्गात सांगितलं, जरा ऐटीतच.
मागच्या बाकावरून मडावी म्हणाला,
"म्हणजे तुमी दोघीबी पावन्याच."
सगळे हसले. देचेन सगळ्यात जास्त.
मला हसायला थोडा वेळ लागला.
तो वेळ मी मोजला नाही,
पण तो होता, एवढं मला ठाऊक आहे.

मडावीच्या अर्जात तो रकाना कसा भरला गेला,
मी विचारलेलं नाही.
त्याला म्हणे जातीच्या दाखल्यासाठी
आज्याचा पन्नासच्या आधीचा कागद मागतात.
ज्या जंगलात त्याचा आजा जन्मला
तिथं कागद कोण ठेवणार होतं?

हे सगळं मी वहीत लिहिते तेव्हा
मी फार समजूतदार वाटते.
म्हणून हेही लिहिते.
पाचवीत मी खडूनं फळ्यावर एक तोंड काढलं होतं,
डोळ्यांच्या जागी दोन रेघा.
खाली नाव लिहिलं नव्हतं, गरज नव्हती.
गुरुजी आले, पुसलं, आणि भागाकार शिकवला.

काल तलावाच्या पाळीवर बसलो होतो.
खाली बांधीत दोन सारस,
आपापल्या सावलीत चोच घालून.
ती भुजे खात होती, मीठ जास्त झालं म्हणत होती.
सात वर्षं तोंडात धरलेलं मी शेवटी बोलले,
"देचेन, ते फळ्यावरचं आठवते का तुले?
मी काढलं होतं."
तिनं मूठभर भुजे माझ्या हातावर ठेवले,
जरा आठवून पाहिलं, खरोखर आठवून पाहिलं,
आणि विचारलं,
"कोन्या खेपेचं?"