कातडीच्या रंगाचा

सिडकोतल्या आमच्या गॅलरीत
प्लास्टिकच्या टेबलावर जपान पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिसळीची रिकामी वाटी,
दुसऱ्यावर ह्यांचा चष्मा,
वाऱ्याने उडू नये म्हणून.

हे छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
रोज कोटींनी मोजले, घरी एक कागद आणला नाही
(झडतीच तशी असते म्हणा)
आणि आता जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर
येनचे शून्य लिहिताना यांचा हात थबकतो.
"बापरे, एवढे?" मी विचारते.
"घाबरू नकोस. दिसतात तेवढे नाहीत."

मृण्मयी नागोयाला राहते.
तिथून बसने तासाभरात
असे पाळणे, की वरून समुद्र दिसतो,
आणि भिंतीपलीकडे लगेच
जमिनीतून आलेलं गरम पाणी.
"आधी किंचाळायचं, मग शेकायचं,
आई, तुझ्या गुडघ्यांसाठीच बांधलंय."

ओजस नातू. तोही येणार.
दर रविवारी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ :
एकशे सतरा.
पाळण्याला हवेत एकशे वीस.
दुधाचा पेला संपवून तो लगेच परत उभा राहतो,
टाचा जराशा उचलून.
मी टाचांकडे बघत नाही.

माझी अडचण दूध पिऊन सुटणारी नाही.
डाव्या हातावर, कोपराखाली,
हिरवं, आता कडांनी पसरलेलं :
सुगंधा.
नवऱ्याचं नाव नव्हे, देवाचंही नव्हे.
निफाडकडच्या एका जत्रेत, आम्ही नऊ-नऊ वर्षांच्या,
तिच्या हातावर मी, माझ्या हातावर ती.
गोंदणारणीने एकीचेच पैसे घेतले,
कारण दुसरी रडली नाही.
(कोण रडली ते विचारू नका.)
"सोनंनाणं हितंच ऱ्हातं, पोरींनो,
वर जाताना एवढंच संगं येतं."
सुगंधा घेऊन गेली माझं नाव.
बावीस वर्षं झाली.

आणि तिथला सातवा नियम म्हणतो,
अंगावर गोंदलेलं असेल तर पाण्यात उतरता येणार नाही.
"गुंडांसाठी आहे गं तो," मृण्मयी फोनवर हसते.
मला आठवते गुंडांची आख्खी टोळी :
सासूबाई, त्यांच्या जावा, दूधवाली ठकूबाई,
कपाळ, हनुवटी, दंड हिरवेगार,
लुगड्यासकट रामकुंडात बुडी मारणाऱ्या.
गोदेनं कुणाचा हात उलटून पाहिला नाही.

कपडे काढावे लागतात, तेही आहेच.
ह्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नसेल
इतकी मी दिसणार परक्या बायकांना.
त्याचं तितकं नाही वाटत.
नावाचं वाटतं.

लेकीने पाकिटातून स्टिकर पाठवलाय झाकायला.
ह्यांनी भिंग लावून, फोनवर तिला विचारून, वाचून दाखवलं :
कातडीच्या रंगाचा.
कुणाच्या?
माझ्या हातावर तो
भिंतीचा पोपडा निघाल्यासारखा दिसतो.
आणि नाव पुरतं झाकतही नाही,
'धा'चा काना बाहेर उरतो
कुंपणाबाहेर बसलेल्या पोरीसारखा.

"दोन लावू," हे पट्टी घेऊन येतात,
"फार तर तीनशे येन."
मी म्हणते, नुसते पाय बुडवायची जागा नसते का कुठे?
असते, बाहेरच. फुकट. तिथे कुणी हात बघत नाही.
"एवढ्या लांब येऊन नुसते पाय, आई?"
मी काही बोलत नाही.
हे आकड्यांखाली एक रेघ ओढतात,
पुन्हा खोडतात.

थंडी पडलीय, गॅलरीतली फरशी गार लागते.
गिझरचं पाणी बादलीत घेऊन मी बसते,
पाय आत, हात उघडा.
काढलेला स्टिकर ओजस उचलतो.
"आजी, तुला नको ना?"
नीट घडी घालतो, चार पदरी,
टाचेखाली ठेवतो, चौकटीला पाठ लावतो.

मी ओल्या पायांनी उठते, पेन्सिल घेते.
एकशे सतरा.
आणि केसभर.