दोन बाजार

‘उदास’ हा शब्द अडावदला चालेना.
चार संध्याकाळी आम्ही त्याच्यामागे हिंडलो,
मी आणि वच्छला कोळी, गावची आशाताई.
शेवटी पंचायतीच्या ओट्यावर चप्पल झटकत ती म्हणाली,
लिखी ले: गमस नही.
लिहिलं.
नियमाप्रमाणे ते पुण्याला गेलं, उलट भाषांतराला,
आणि परत आलं तेव्हा झालं होतं
‘घरी कुणी नसतं.’
भंगाळे सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाले, हे चुकलंय.
मग, जरा वेळानं: राहू द्या.

प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर छापलेलं,
‘मागील दोन आठवड्यांत’.
पॅकिंग शेडमधल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या.
सोमवार काय नि गुरुवार काय, गाडी आली की घड उतरवायचे.
पहिल्या दिवशीच मी पेननं खोडून वर लिहिलं:
दोन बाजार.
मग सगळ्यांना सगळं आठवायला लागलं.
ज्या बाजारी मिरची सडकी निघाली,
ज्या बाजारी जावई आला.

तिला इथे कौतिकबाई म्हणते.
नाव खोटं आहे, एवढंच खोटं.
कागदावर ती ११७.
तुरटीच्या हौदात कोपरापर्यंत हात,
फण्या धुते, डागाळलेली बाजूला काढते,
माझ्याशी बोलतानाही हात थांबत नाहीत.
संमतीसाठी अंगठा मागितला.
शाईच्या आधी केळीचा चीक उमटला,
पण तो तेव्हा दिसला नाही.
चीक आधी पाण्यासारखाच असतो.

झोप लागते का?
पाठ टेकनी, का मढं.
(शून्य.)
थकवा येतो?
थकाले येळ कथा शे माले?
शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसले, मग लिहिलं शून्य.
जेवण नकोसं वाटतं का?
तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं.
तूच काही खात नही वाटतं.
गमस नही, असं होतं का?
एक फणी तिनं हौदात जास्तच वेळ बुडवून धरली.
नही वं.
शून्य.

आभार मानले. तेही छापलेलं असतं.
पेनला टोपण लावलं, पिशवी खांद्यावर घेतली,
तेव्हा ती हौदातल्या पाण्याला विचारावं तसं म्हणाली,
पुढला बाजारले येशी का?
आमचा अभ्यास एका भेटीचा.
तसं मंजूर झालेलं आहे, तीन सह्यांनिशी.
मी म्हणाले, बघते.
हा शब्द मला शिकवलेला नव्हता.
वच्छलाला तो लगेच कळला; ती वाटभर बोलली नाही.

आता जळगावात, पंख्याखाली, डेटा साफ करायचा चाललाय.
दोनदा भरलेल्या ओळी काढायच्या, वय एकशे तीस असेल तर तेरा करायचं.
११७ मध्ये साफ करण्यासारखं काहीच नाही.
नऊ शून्यं.
बेरीज शून्य.
शेरा आपोआप येतो: ताण आढळला नाही.
मी शेवटी एक रकाना वाढवून पाहिला
आणि त्यात लिहिलं: येशी का.
मशीननं तो चौकोन लाल केला.
इथे फक्त आकडा चालतो.

संमतीपत्र काढलं फायलीतून.
शाईचा अंगठा फिकटलाय.
त्याच्या बाजूचा, जो मी पाहिलाच नव्हता,
तो काळा होऊन बसलाय,
रेघ न रेघ मोजता यावी असा.
माझ्या ओढणीच्या टोकालाही आहे.
लिंबू लावून झालं, रॉकेल लावून झालं,
आई म्हणाली, केळीचा आहे ना,
मग कापड फाटेल, तो नाही जायचा.

एक बाजार होऊन गेला.
आज दुसरा.
चोपड्याची एसटी किती वाजता आहे
ते मी दुपारीच विचारून आले,
सहज,
चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं तेव्हा थांबून.