नाव घालणारा

भांडी बाजारात एकवीस वर्षं मी नावं घातली.
'कै. पार्वताबाई यांच्या स्मरणार्थ.' 'मामाकडून.'
एका परातीवर नुसतं 'सौ.' आणि पुढं मोकळी जागा.
लग्न मोडलं, न्यायला कुणी आलंच नाही.
सुई थरथरायची, स्टील किंचाळायचं,
अक्षर मात्र सरळ.
शिरोरेषेला मी कधी पट्टी लावली नाही.

मग शेजारच्या कल्हईवाल्याची तेजाबाची बाटली.
बूच उडालं. एवढंच.
कुणी म्हणालं गंगेचं पाणी मारा, कुणी म्हणालं दूध.
यासीन नळाखाली माझं डोकं धरून रडत होता,
मला रडताही येईना.

चार वर्षं दोन्ही बुबुळांवर साय.
एकदा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं, तेही गढुळलं.
खैरनार डॉक्टरबाई म्हणाल्या,
काळ्या-पांढऱ्याच्या शिवेवर डोळ्याचं बियाणं असतं,
तुमचं दोन्हीकडचं जळालंय.
तोंड उघडा.

मला वाटलं, बाई चुकल्या.
त्यांचं बोट गालाच्या आत फिरलं, एका जागी थांबलं.
"इथं चावता का हो तुम्ही?"
चावतो.
गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा,
भाऊ दुकानाच्या वाटणीचं काढतो तेव्हा,
शब्द बाहेर सांडू नये म्हणून तिथंच दात रोवतो.
"मग जरा शेजारचा घेऊ. तो चांगला आहे."
चांगला असेल.
पण शेजाऱ्याला सगळं ऐकू गेलेलंच असतं.

टिकलीएवढा तुकडा.
पंधरा दिवस मिसळ बंद, दूधभात.
आणि तिकडं काचेच्या बशीत, अंगाइतक्या उबेला
ती टिकली पसरत होती,
कुणा बाळंतिणीनं देऊन टाकलेल्या वारेच्या पडद्यावर.
शशिकला म्हणाली, म्हणजे विरजणच की.
मी विचारलं, कुणाचं बाळ?
नाव सांगत नाहीत.
नाव सांगत नाहीत, हे मला, आयुष्यभर नावं घातलेल्याला.
त्याच्या बारशाची वाटी कदाचित
आमच्याच फळीवरून गेली असेल.

पट्टी निघाली. आधी नुसतं लाल.
मग खिडकी. मग खिडकीला गज आहेत हे.
पूर्वीसारखं नाही; चहाच्या वाफेतून पाहावं तसं,
तक्त्यावरची तिसरी ओळ, त्याखाली मुंग्या.
लोकांना मी गंमत सांगतो,
तर्रीचा वास आला की आता डोळ्याला पाणी सुटतं.
खोटं आहे. डोळा कोरडाच,
दिवसातून आठ वेळा थेंब घालावे लागतात.

काल दुकानात जाऊन बसलो.
सुई आता केदारच्या हातात.
वाटी नाकाशी धरली, उजेडाकडं कलती केली,
पूर्वी बोटानं वाचायचो ते डोळ्यानं वाचलं:
'चि. ओवी हिस आजोळचे शुभाशिर्वाद.'
शि. ऱ्हस्व.
चार वर्षांत किती घरांत गेला असेल हा ऱ्हस्व,
किती पोरांनी त्यातून वरणभात खाल्ला असेल.

"दिसतंय का, दादा?"
सुई थांबवून तो बघत होता.
दात आपसूक जुन्या जागी गेले,
शेजारी आता खळगा आहे, जिभेला लागतो.
"दिसतंय," म्हणालो.
आणि डोळा मिटून घेतला,
तोंड मिटतात तसा.