खांद्यापाशी

अजनीच्या डेपोत मे महिन्यात
दुपारी लोखंडाला कोणी हात लावत नाही.
म्हणून आमची पाळी पहाटे साडेचारला.
कोळशाची वाघीण जॅकवर उचललेली,
खाली चाकांची जोडी, एकटी,
ओझं उतरल्यावरही वाकल्यासारखी.

धुऱ्याच्या तोंडाला मी तेल लावते,
प्रोब टेकवते,
आणि कोणालाच ऐकू न येणारा आवाज आत सोडते.
तो दुसऱ्या टोकाला जाऊन परत येतो.
पडद्यावर दोन सुळके : निघालो, पोचलो.
मधली रेघ सपाट असली
की खडूनं बरोबरची खूण,
आणि पुढची जोडी.

आज मधे एक तिसरा होता.
तांदळाच्या कणीएवढा.
पुन्हा तेल, पुन्हा प्रोब.
होता.

उईके मेस्त्री हातोडा घेऊन आले.
छत्तीस वर्षं चाकं वाजवून
त्यांची मान एका कानाकडे कललेली.
टण्.
थांबले. पुन्हा टण्.
"आवाज त खणखणीत हाय वो पोरी."
हो, म्हटलं,
आवाजाला अजून कळलेलं नाही.

कुठं हाय म्हणाले. मी बोट ठेवलं :
खांद्यापाशी.
जिथे जाड अंग संपतं, बेअरिंगचं बारीक अंग सुरू होतं,
जिथे लोखंडाला एकाएकी सडपातळ व्हावं लागतं.
ताण सरळ पाटात गुमान वाहतो,
काठ आत आला की तिथेच गर्दी करतो.
म्हणून तर तो कोपरा गोल घासायचा, हात फिरवून पाहायचा.
त्या गोलाईवर एक ओरखडा,
नखाला जेमतेम लागेल असा.

इथून वर्ध्यापर्यंत भरली वाघीण नेली
तर चाक पंचवीस हजार वेळा फिरतं.
दर फेऱ्यात तोच कण एकदा दाबला जातो,
अर्ध्या फेऱ्यानं ताणला जातो.
एकाही फेऱ्यात फार नाही.
एकाही फेऱ्यात तक्रार करावी इतकं नाही.

साहेबांच्या खोलीत तुटलेल्या धुऱ्याचा एक तुकडा आहे,
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला.
त्याच्या तोंडावर रेघा आहेत, एकीत एक,
उन्हाळ्यात फुटाळ्याचं पाणी उतरताना काठावर राहतात तशा.
सावकाश, सावकाश,
आणि मग एका बाजूला खरबरीत चकाकणारा भाग,
जिथे सावकाश संपलं.

मेस्त्रींनी चष्मा पुसला, भिंग धरलं,
बराच वेळ धरलं.
"साखळीचा हाय.
गोणपाट न घालता उचललं व्हतं. दोन साल झाले."
मग, कोणी विचारलं नसताना,
"साखळी मीच बांधली व्हती."

रजिस्टरमध्ये मी क्रमांक लिहिला, तारीख लिहिली,
नापास लिहिलं.
रकाने तेवढेच होते.
धुऱ्यावर पिवळी फुली मारली.

चहा आला तेव्हा त्यांनी पँट वर सरकवून
गुडघा पुढे केला :
"यावर लाव ना वो तुझं मशीन."
मी खरंच तेल लावलं, प्रोब टेकवला.
पडद्यावर गवतच गवत.
"काय दिसते?"
"काही नाही काका. हाडाला हे चालत नाही."
"बरं हाय," म्हणाले,
तळव्यानं तेल पुसलं, तेच हाताला चोळलं,
आणि खांद्यावर गोणपाट टाकून
पुढच्या साखळीकडे गेले.