स्टँड नसलेली

पहाटे पाच दहाला वारज्यातून निघते मी,
रास्ता पेठेत रक्तपेढी, सहाची पाळी.
डिसेंबरात हँडल हातमोज्यातूनही चावतं.
कर्वे रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांखाली,
झाडूवाल्या बायकांनी पानं पेटवलेली असतात.
त्या धुरातून जाताना क्षणभर ऊब,
मग दुपारपर्यंत केसांना वास.
एकूण बेचाळीस मिनिटं.
सायकल अठरा किलोची. तिला नाव मी ठेवलं नाही,
पण तांबोळी मिस्त्री तिला म्हातारी म्हणतो,
ब्रेकची रबरं बदलताना,
माझ्याकडे न बघता.

परवा टिळक रस्त्यावरच्या दुकानात
ती भिंतीला टेकून उभी होती.
साडेनऊ किलो. छप्पन्न हजार.
अद्वय नावाचा मुलगा, दाढी अजून पुरती नाही,
म्हणाला, एका बोटानं उचलून बघा काकू.
दोन लागली. पण उचलली.
"स्टँड कुठाय?"
"हिला नसतो. वजन वाढतं."
"मग उभी कशी राहते?"
"टेकवायची."
मडगार्ड? नाही. कॅरियर? नाही.
डबा कुठे ठेवू म्हटल्यावर तो नुसता हसला.
म्हणजे ज्या गोष्टींनी सायकल घरातली वाटते
त्या एकेक काढत गेलं
की किंमत वाढते.

गल्लीत चक्कर मारायला दिली.
ओढणी काउंटरवर ठेवली, वाकले,
पहिल्या पॅडललाच ती निघाली,
मी मागून पोचले.
कोपऱ्यावरचा गतिरोधक
थेट दातांना कळला.
तरी आणखी एक चक्कर मारली.
ती कुणी सांगितली नव्हती.

श्रीरंगनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
पुण्याची थंडी, ताणून धरली तरी पंचाहत्तर दिवस.
छप्पन्न हजार भागिले पंचाहत्तर.
"दिवसाला साडेसातशे पडतात.
रिक्षानं जा की, शाल पांघरून."
गणित बरोबर होतं. त्याचं नेहमीच असतं.
मी म्हटलं, थंडी पुढच्या वर्षीही येणार ना.
"थंडी येईल गं," म्हणाला,
आणि माझ्या गुडघ्यांकडे बघून
पेनाला टोपण लावलं.

आमच्याकडे पिशवीवर तारीख असते.
तांबड्या पेशी बेचाळीस दिवस,
प्लेटलेट पाच,
प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर.
आधी संपणारं पुढे, असा फ्रिजचा नियम,
रोज सकाळी मीच लावते.
एकावन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर
असं काही छापलेलं सापडत नाही.
पुढे ठेवू का मागे,
कुणाला विचारू?

सोमवारी लाकडी पुलावर म्हातारीची चेन पडली.
नदीवर धुकं, पाणी दिसत नव्हतं,
वास मात्र होता जागेवर.
एक दूधवाला थांबला, "करू का मदत?"
"नको," म्हणेपर्यंत चढलीसुद्धा.
बावीस वर्षांत बोटांना अंधारातही येतं ते.
(हे नवीच्या बाजूनं धरायचं
की जुनीच्या, अजून कळलेलं नाही.)
पोचून दोनदा हात धुतले,
नखांतलं काळं रबरी मोज्यांच्या आत तसंच राहिलं,
त्याच हातांनी दिवसभर
लोकांच्या शिरा शोधल्या.

रात्री सगळे निजल्यावर
शिवणाच्या डब्यातली टेप काढली.
दारामागची भिंत मोजली,
एकदा उभी, एकदा आडवी.
चपलांचं कपाट मध्ये येत होतं.
ते उचलत उचलत, आवाज न करता,
वीतभर सरकवलं.
फरशीवर त्याच्या पायांचे
चार फिकट चौकोन उघडे पडले.

सकाळी श्रीरंग विचारेल, हे का हललंय.
ठरलेलं तसं
काहीच नाही.