कोपराला गूळ

टोलेडो, ओहायो. रात्री नऊनंतर
एमआरआयचं यंत्र माझ्या ताब्यात असतं,
पोटात सुतारपक्षी पाळलेलं पांढरं धूड.

येफ्रीचा कोपर आला तेव्हा ऑगस्ट होता.
सोबत संघाचा डॉक्टर, एजंट, आणि एक माणूस
जो काहीच बोलला नाही, नुसता कॅल्क्युलेटर धरून उभा.
सातव्या डावात चेंडू फेकताना 'टक्' झालं
आणि दहाला वीस कमी असताना तो माझ्या टेबलावर.
मधे सही नाही, फोन नाही, "थांबा" नाही.

व्हर्ना स्टाखोव्हियाकचा कोपर
अकरा आठवड्यांनी आला.
लोणच्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं झाकणं आवळलेला.
तीनदा नामंजूर, चौथ्यांदा "विचाराधीन".
तोच उजवा हात, तीच आतली बाजू,
पडद्यावर तसाच उसवलेला दोरा.
नाव झाकलं असतं
तर मला सांगता आलं नसतं कोणता लाखमोलाचा
आणि कोणता नुसताच दुखरा.

मंगळवारी मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकतो, अर्ध्या फीत.
प्राध्यापक ओडेगार्ड फळ्यावर दोन रेघा काढतात,
एक चढती, एक उतरती,
म्हणतात, भेटतात तिथे भाव.
मी विचारलं, व्हर्नाची रेघ कुठून सुरू होते?
ते हसले. चांगला माणूस आहे. म्हणाले,
दवाखान्यात रेघा जरा थरथरतात.

"किती पैसे होतील?" बूट काढताना तिने विचारलं होतं.
माहीत नाही, म्हणालो. खोटं नव्हतं.
या इमारतीत कोणालाच माहीत नाही.
समोर मैदानात हॉटडॉगचा भाव
दिव्यांच्या अक्षरांत नदीपलीकडून वाचता येतो.
येफ्रीचा तर पेपरात छापून आला होता.
जो विकला जातो त्याचा भाव गावाला पाठ,
आणि जी विकत घेते तिला
दोन महिन्यांनी पाकिटातून कळतो.
विमा म्हणजे कोपराला लावलेला गूळ:
दिसतो, वास येतो,
जीभ पोचत नाही.

मार्चमध्ये येफ्री परत आला. एकटा.
टाके भरले होते, वेग भरला नव्हता, करार संपला होता.
अर्जावर विम्याच्या रकान्यात
त्याने आधी संघाचं नाव लिहिलं,
मग खोडलं. दुसरं काही लिहिलं नाही.
शेजारी व्हर्ना, तिसऱ्या खेपेला.
तिने त्याला ओळखलं.
"माझा नवरा तुला फार शिव्या घालायचा,"
म्हणाली, आणि पर्समधून पाण्याची बाटली काढली.

झाकण घट्ट.
तिने डाव्या हाताने बाटली धरली,
त्याने डाव्या हाताने झाकण फिरवलं.
उलट्या दिशेला.
दोघं हसले. मग बरोबर.

हे ओडेगार्डच्या कोणत्या प्रकरणात येतं ठाऊक नाही,
असेलही. त्या मंगळवारी मी
दीडपट पगारावर जादा पाळी घेतली होती.

यादी पाहिली. जागा एक, कोपर दोन,
आणि वरून आलेल्या क्रमात
येफ्री आता सगळ्यांच्या खाली.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
यंत्र तापायला जरा वेळ लागतो, मी म्हणालो,
बसा दोघंही, कोणी जाऊ नका.

लागत नाही.